स्पेशल एम.एड. करायचंय? आधी आपलं बी.एड. कोणतं ते बघा

सिडको, सातपूर, नाशिकरोड, कुठूनही फोन आला तरी शिक्षिकांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, माझं बी.एड. झालंय. डायरेक्ट स्पेशल एम.एड.ला ॲडमिशन मिळेल ना?" साधं बी.एड. असेल तर उत्तर "नाही" असंच द्यावं लागतं. ते ऐकून समोरची बाई थोडा वेळ गप्प होते.

विशेष शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचे, अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आर.सी.आय.च्या अखत्यारीत येतात. दोन वर्षांच्या स्पेशल एम.एड.साठी एकतर आर.सी.आय. मान्य स्पेशल बी.एड. किमान ५० टक्क्यांनी झालेलं हवं, नाहीतर साधं बी.एड. आणि त्याच्या जोडीला आर.सी.आय. मान्य विशेष शिक्षणातली पदविका, दोन्हींत ५० टक्के. राखीव प्रवर्गाला शासनाच्या नियमाप्रमाणे सवलत असते. नुसत्या साध्या बी.एड.वाल्यांनी आधी स्पेशल बी.एड. करावं. तेही दोन वर्षांचं. राज्य सी.ई.टी. कक्षाची बी.एड.ची परीक्षा जनरल आणि स्पेशल दोघांना एकच आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. साध्या बी.एड.ला एकदा दिली असेल तर पेपर ओळखीचाच वाटेल.

फॉर्म भरायच्या आधी अपंगत्वाचा प्रकार ठरवा. आय.डी. म्हणजे बौद्धिक अक्षमता, एच.आय. म्हणजे कर्णबधिर, व्ही.आय. म्हणजे दृष्टिबाधित, शिवाय अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता. "घराजवळच्या कॉलेजात जे आहे ते घेते" असं म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. पण नोकरीच्या जाहिरातीत बहुधा हा प्रकार लिहिलेला असतो. ब्रेल शिकलेल्या शिक्षिकेला कर्णबधिरांच्या वर्गावर कोण नेमणार?

कॉलेजची मान्यता मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. आर.सी.आय.च्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे. कॉलेजचं नाव सापडलं म्हणून तिथेच थांबू नका. त्याच ओळीत अभ्यासक्रमाचं नाव, मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे आणि जागा किती, हे वाचा. मान्यता कॉलेजला सरसकट नसते. एका कॉलेजला आय.डी.ची असेल आणि एच.आय.ची नसेल, असं होतं. आपल्या नाशिकचंच मुक्त विद्यापीठ असो किंवा दुसरं कुठलं, दूरशिक्षणाने करणार असाल तर त्या पद्धतीलाही आर.सी.आय.ची मंजुरी लागते. त्या वर्षाचं माहितीपुस्तक उघडून बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीवर जाऊ नका. एच.आय.मध्ये एम.एड. करायचं असेल तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. मात्र नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने रोज अप-डाउन करत लघुप्रबंध लिहून होईल, या भ्रमात राहू नका.

आता कागदपत्रं. दहावी, बारावी, पदवी आणि बी.एड.च्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास दाखला. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता, ओ.बी.सी.ला शिवाय नॉन-क्रिमीलेअर. स्वतः दिव्यांग असाल तर यू.डी.आय.डी. कार्ड. नोकरीत असाल तर संस्थेचं ना हरकत पत्र. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सगळ्यात आधी तिथे टाका.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशाची धावपळ सुरू होते त्यानंतर. जुना दाखला तसाच फाईलला लावायचा, पडताळणीत तो बाद व्हायचा आणि मग जूनमध्ये सेतूच्या रांगेत उभं राहायचं, हे ठरलेलं. एप्रिलमध्येच नवीन काढा.

दुसरा घोळ नावाचा. माझ्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. पडताळणीच्या टेबलावर बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेन टेकवलं आणि विचारलं, "या दोघी एकच कशावरून?" विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र घरी कपाटात होतं. ते आणायला घरी जाऊन आले तोवर खिडकी बंद, दिवस वाया. तेव्हा ते प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र फाईलमध्ये पहिल्याच पानाला लावा.

पदवी हातात आली की काम संपलं असं नाही. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव चढवून सी.आर.आर. नंबर घ्यावा लागतो. पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणीचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सी.आर.ई. म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाच्या कार्यशाळांचे गुण लागतात. कार्यशाळेची प्रमाणपत्रं टाकून देऊ नका. पुढच्या प्रवेशाच्या वेळीही हा नंबर विचारतात, तेव्हा स्पेशल बी.एड. झाल्यावर "एम.एड. झालं की एकदमच करू" म्हणत नोंदणी लांबवू नका.

एवढी यातायात कशासाठी, असंही विचारतात. राज्य शासनाने २०२४ मध्ये केंद्र पातळीवर, म्हणजे शाळांच्या समूहासाठीच्या केंद्रशाळांवर, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. त्याआधी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वसाधारण शाळांसाठी विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण जाहीर केलं. विशेष शिक्षकांच्या पदांच्या अर्जात सी.आर.आर. नंबरची चौकट रिकामी सोडून चालत नाही.