नोंद नेमकी कोणासाठी? आरोग्यसेवेतल्या डेटाची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रॉचेस्टर या छोट्या गावच्या मेयो क्लिनिकमध्ये प्रत्येक डॉक्टरची स्वतःची वही असे. रुग्ण आज आला की आजच्या पानावर नोंद व्हायची. वर्षभराने तोच परत आला की तेव्हाच्या पानावर. मधल्या काळात त्याने दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं असेल, तर ते तिसऱ्याच वहीत. वही डॉक्टरची आणि क्रम तारखेचा, त्यामुळे एका माणसाचं आजारपण वह्यावह्यांमध्ये विखुरलेलं असायचं. तिथल्या हेन्री प्लमर या डॉक्टरांनी १९०७ मध्ये ही पद्धत मोडली. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक द्यायचा आणि तपासणी, शस्त्रक्रिया, प्रयोगशाळेचे अहवाल, पत्रव्यवहार असं त्याचं सगळं त्या क्रमांकाच्या एकाच फाइलमध्ये ठेवायचं. रुग्ण ज्या डॉक्टरकडे जाईल तिथे ही फाइल त्याच्यासोबत जायची. आज संगणकावर क्रमांक टाकला की रुग्णाचा पूर्वेतिहास समोर येतो, त्याचा पाया या कागदी फाइलीत आहे.

आरोग्यसेवेतल्या डिजिटल तंत्रज्ञानाची गोष्ट बहुतेक वेळा संगणकापासून सुरू होते. मला वाटतं, ती त्याच्या बरीच आधी सुरू झाली. नोंद कोणाच्या नावाने ठेवायची, कोणत्या कामासाठी ठेवायची आणि ती कोणी वाचायची, हे प्रश्न यंत्र यायच्या कितीतरी आधीचे आहेत. यंत्राने ते सोडवले नाहीत, फक्त त्यांचा आवाका प्रचंड वाढवला.

आरोग्याच्या आकडेवारीची सुरुवात मरणापासून झाली. लंडनमध्ये प्लेगची साथ कुठवर आली हे कळावं म्हणून दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. या याद्या वर्षानुवर्षं साठत गेल्या. जॉन ग्रांट नावाच्या एका कापड व्यापाऱ्याने त्या एकत्र करून १६६२ मध्ये त्यातून निष्कर्ष काढले: मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्त जन्मतात, लहान वयात फार मोठ्या संख्येने मुलं दगावतात, शहरात मरणारे जन्मणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. पण ग्रांट यांचं मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. ही माहिती गोळा कशी होते, हेही त्यांनी तपासलं. मृतदेह पाहून कारण सांगण्याचं काम वयस्क बायकांकडे असे. घरात गुप्तरोगाने कोणी गेलं तर अब्रू झाकायला घरचे लोक त्या बाईला बिअर पाजत आणि एका नाण्याऐवजी दोन हातावर ठेवत. मग यादीत दुसरंच कारण लागे. ग्रांट यांनी हे लिहून ठेवलं आणि त्या आजाराचे आकडे खरे धरू नका असं बजावलं. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो भरणाऱ्या माणसापर्यंत जायचं, ही सवय साडेतीनशे वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याला होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख हातात दिवा घेतलेल्या परिचारिकेची. त्यांचं दुसरं काम तितकंच मोलाचं आहे. क्रिमियाच्या युद्धातले बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून राज्यकर्त्यांसमोर मांडलं. पुढे रुग्णालयांच्या नोंदी ताडून पाहायला गेल्या तेव्हा तुलनेला उपयोगी पडेल अशी नोंद जवळपास कुठेच सापडत नाही, अशी तक्रार त्यांनी केली. प्रत्येक रुग्णालय आजारांना वेगळी नावं देई आणि वेगळ्या पद्धतीने मोजणी करी. सगळ्यांसाठी एकच तक्ता असावा, हा त्यांचा प्रस्ताव १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत मांडला गेला. १८९३ मध्ये फ्रान्सचे जाक बर्टियों यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी तयार केली. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारही आले. आज तिची अकरावी आवृत्ती लागू आहे. ही यादी मरणाची म्हणून जन्मली, मग आजारांची झाली, आणि अनेक देशांत आता तिच्यात प्रत्येक आजाराला दिलेल्या संकेतांकावर बिलाची रक्कम ठरते. एकाच संकेतांकाने तीन कामं करायची. पुढच्या बऱ्याच गोंधळाचं बीज इथे आहे.

याच काळातली एक नोंद मात्र कोणालाच नको होती. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांचं म्हणणं साधं होतं: शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वर्षभराने कसा आहे ते बघा, बरा नसेल तर का नाही ते लिहा आणि ते जाहीर करा. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड. ते काम करत त्या मोठ्या रुग्णालयाने ही कल्पना स्वीकारली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ रुग्ण घरी गेले आणि कॉडमन यांनी त्यांच्या उपचारांतल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या, त्यात स्वतःच्याही होत्या. ते एकाकी पडले, आर्थिक ओढाताणही झाली. ‘उपचार केला’ ही नोंद प्रत्येक रुग्णालयात असते. ‘उपचाराने काय झालं’ ही नोंद शंभर वर्षांनंतरही अनेक ठिकाणी शोधावी लागते.

यंत्रं आली ती मोजणीसाठी. हर्मन हॉलेरिथ यांच्या पंचकार्डाच्या, म्हणजे भोकं पाडलेली कार्डं वाचून मोजणी करणाऱ्या, यंत्रामागे जॉन शॉ बिलिंग्ज या डॉक्टरांची सूचना होती, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत ते वापरलं जाण्याआधी बाल्टिमोर शहराच्या मृत्यूनोंदींवर त्याची चाचणी झाली होती. संगणक रुग्णालयात शिरला तो १९६० च्या दशकात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मम्प्स’ ही संगणकभाषा रुग्णांच्या नोंदींसाठीच घडवली गेली. तिचे वंशज आजही कितीतरी रुग्णालयांत पडद्यामागे चालू आहेत. १९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी केसपेपर कसा लिहावा हेच बदलायला सांगितलं: कोण काय म्हणालं याचं बाड नको, रुग्णाच्या तक्रारींची क्रमवार यादी हवी, आणि प्रत्येक तक्रारीखाली आपण काय केलं आणि का केलं हे हवं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो १९७६ चा एक प्रयोग. इंडियानापोलिसच्या रिगनस्ट्रीफ संस्थेत क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी संगणकाला एक छोटंसं काम दिलं. रुग्ण येण्याआधी त्याच्या नोंदी चाळायच्या आणि डॉक्टरसाठी एका कागदावर आठवण छापायची: या औषधावर असलेल्या रुग्णाची अमुक तपासणी बरेच दिवस झालेली नाही, हा आकडा वाढलेला आहे, औषधाची मात्रा बघा. निदान नाही, सल्ला नाही, फक्त आठवण. ती मिळाली की डॉक्टर दुपटीहून अधिक वेळा योग्य ती कृती करत. आठवण बंद केली की पुन्हा मूळपदावर. शिकून फरक पडला नव्हता, कारण डॉक्टरांना ज्ञान कमी नव्हतंच. एका माणसाने एका दिवसात किती गोष्टी ध्यानात ठेवायच्या, त्यालाच मर्यादा होती. दमलेल्या डॉक्टरला दोष न देता त्याच्या हाताशी कागद ठेवणारा हा प्रयोग, माझ्या मते, पुढच्या अनेक झगझगीत यंत्रणांपेक्षा जास्त शहाणा होता.

त्याच दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ नावाची प्रणाली तयार झाली. रक्तातला जंतुसंसर्ग आणि मेंदुज्वर यांवर कोणतं प्रतिजैविक द्यावं, हे ती काहीशे नियमांच्या आधारे सुचवायची. परीक्षेत तिचे सल्ले तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले, तरी प्रत्यक्ष वॉर्डात ती कधीच वापरली गेली नाही. डॉक्टरला रुग्णाची सगळी माहिती हाताने टाइप करावी लागे. यंत्राकडे अक्कल होती, पण नोंदी कागदावरच पडून होत्या.

प्रतिमांनी ही कोंडी आधी फोडली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेतला. ही प्रतिमा जन्मतःच आकड्यांची, म्हणजे संगणकातच तयार झालेली होती. पण एका कंपनीच्या यंत्राची प्रतिमा दुसरीच्या पडद्यावर उघडेना. त्यासाठी क्ष-किरण तज्ज्ञ आणि उत्पादक एकत्र बसले आणि १९९३ मध्ये ‘डायकॉम’ हे समान मानक आलं. त्याआधी १९८७ मध्ये रुग्णालयांतल्या संगणकांनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे यासाठी ‘एचएल-सेव्हन’ सुरू झालं होतं. मानकांचं काम कंटाळवाणं दिसतं, त्यात नाव मिळत नाही, पण त्याशिवाय बाकी काहीही उभं राहत नाही.

मग सरकारं उतरली. ब्रिटनने २००२ मध्ये संपूर्ण इंग्लंडसाठी एकच नोंदव्यवस्था उभारायला घेतली आणि अब्जावधी पाउंड खर्चून २०११ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळल्याचं जाहीर केलं. अमेरिकेने २००९ मध्ये कायदा करून रुग्णालयांना पैसे देऊ केले. २००८ मध्ये जेमतेम ९ टक्के रुग्णालयांत मूलभूत डिजिटल नोंदी होत्या, त्या २०१५ पर्यंत सुमारे ८४ टक्क्यांत पोहोचल्या. वेग थक्क करणारा होता. पण बसवलेल्या यंत्रणांचा गाभा मुख्यतः बिलाचा होता. कोणते रकाने भरले तर पैसे मिळतील यावर पडद्याची मांडणी ठरली. २०१६ च्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णांसोबत घालवत असलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणक आणि कागदपत्रांवर घालवताना दिसले. आपण बोलत असताना डॉक्टर मान खाली घालून टाइप करत असतात, हा अनुभव कोणाला नाही? त्यात डॉक्टरचा दोष फार थोडा असतो.

साठलेली माहिती दुसऱ्या कामाला लागणार, हे ओघानेच आलं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालय नोंदी संशोधनासाठी देण्यात आल्या. नावं, पत्ते काढले होते (जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच होते), म्हणून गोपनीयता शाबूत आहे अशी ग्वाही गव्हर्नरांनी दिली. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी २० डॉलरला गव्हर्नर राहत त्या केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडचा एकच. स्वतः गव्हर्नरांच्याच नोंदी हाती लागल्या. नाव पुसलं म्हणजे माणूस पुसला, ही समजूत त्या दिवशी संपायला हवी होती. फिनलंडमधल्या एका मानसोपचार कंपनीचा डेटा चोरीला गेला आणि २०२० मध्ये चोराने हजारो रुग्णांकडे थेट खंडणी मागितली: पैसे द्या, नाहीतर समुपदेशकाला सांगितलेलं सगळं जगजाहीर करतो. चोरी गेलेला पासवर्ड बदलता येतो. कोणाजवळ तरी मोकळं केलेलं मन परत घेता येत नाही.

दुसरा धोका चोरीचा नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरलं जाणारं एक अल्गोरिदम कोणत्या रुग्णांना जास्तीची देखभाल द्यायची ते निवडत असे. २०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. आजार किती गंभीर आहे हे मोजण्याऐवजी ते पुढे किती खर्च होईल याचा अंदाज करत होतं, कारण खर्चाचे आकडे तयार होते. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर, तितकेच आजारी असूनही, आजवर कमी पैसे खर्च झाले होते. यंत्राने तेच वाचलं आणि त्यांना कमी गरजू ठरवलं. चूक दुरुस्त केल्यास जास्तीच्या देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. गणितात चूक नव्हती. बिलासाठी ठेवलेल्या नोंदीला दुखण्याबद्दल विचारलं गेलं होतं.

हीच माहिती नीट विचारली तर काय देते, ते कोविडच्या साथीत दिसलं. ब्रिटनमध्ये ‘ओपनसेफली’ या प्रकल्पाने १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून कोणाला मृत्यूचा धोका जास्त हे काही आठवड्यांत शोधलं. नोंदी जिथे होत्या तिथून बाहेर काढल्याच नाहीत. संशोधक आपला प्रश्न आत पाठवत, उत्तर तेवढं बाहेर येई आणि कोणी काय विचारलं याची नोंद सर्वांसाठी खुली राही.

ज्याच्याबद्दल हे सगळं लिहिलं जातं, त्याला ते वाचायला देण्याची कल्पना १९७३ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली होती. २०१० मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणच्या शंभराहून अधिक डॉक्टरांनी वर्षभर आपली टिपणं रुग्णांना खुली केली. लोक घाबरतील, वाद घालतील अशी भीती होती. वर्ष संपल्यावर एकाही डॉक्टरने हे बंद करा म्हटलं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, टिपणं वाचलेल्या २२ हजारांहून अधिक रुग्णांना विचारलं तेव्हा पाचातल्या एकाला त्यात चूक सापडली होती, आणि त्यांतल्या दहापैकी चौघांना ती गंभीर वाटली होती: नसलेला आजार, बंद झालेलं औषध, चुकीचा पूर्वेतिहास. काहींना तर आपल्या नावाखाली दुसऱ्याच कोणाची तरी नोंद सापडली.