कनेक्शन टाइमआउट वाढवला, तरी रिपोर्ट तिसाव्या सेकंदालाच का पडतो?

डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्क्रीनवर ‘टाइमआउट’, म्हणजे थांबायची मुदत संपली, असं दिसलं की पुष्कळ जण आधी कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसचा पत्ता आणि जोडणीच्या सेटिंग असलेली ओळ) उघडतात, कनेक्ट टाइमआउटचे १५ सेकंद ६० करतात आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवतात. रिपोर्ट तिसाव्या सेकंदाला पडतो. मग १२० करून बघतात. तरी तिसावाच सेकंद. खरं तर या तिसातच उत्तर आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममधून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसशी बोलताना कनेक्शनची मूळ मर्यादा १५ सेकंद असते आणि कमांडची, म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या क्वेरीची, ३०. पडतेय क्वेरी, आणि आपण वाढवतोय भलतंच. ‘दादा, टाइमआउट वाढवून देऊ का?’ असं कोणी विचारलं की म्हणूनच म्हणावं लागतं, ‘काहून वाढवतो बे, कोणता पडला ते तं सांग!’

संत्र्याच्या हंगामात नागपूरच्या कळमना मार्केटला गाडी घेऊन गेलेल्याला हा फरक समजवावा लागत नाही. फाटकातून आत शिरायला लागलेला वेळ वेगळा आणि आत गेल्यावर लिलाव, वजन, हिशेबपट्टी होईपर्यंतचा वेळ वेगळा. कनेक्शन टाइमआउट फाटकापुरता, कमांड टाइमआउट आतल्या कामापुरता.

फाटकाचं काम मुळात थोडं असतं: सर्व्हरचं नाव शोधायचं, पोर्टवर पोहोचायचं, लॉगिन करायचं. प्रोग्रॅम नागपुरात आणि डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर असला तरी नेट धड असेल तर हे सहसा सेकंदाच्या आत उरकतं. १५ सेकंदांत जमलं नाही, तर बहुधा सर्व्हर बंद आहे, फायरवॉलने एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं १४३३ पोर्ट अडवलंय किंवा नावच चुकलंय. अशा वेळी ६० सेकंद थांबल्याने काउंटरवरचा माणूस तेवढा जास्त वेळ गोल फिरणारं चक्र बघत बसतो, बाकी काही नाही. माझ्या मते हा आकडा लहानच ठेवावा.

कमांड टाइमआउटचं तसं नाही. तो कामागणिक ठरतो. समजा, अडत्यासाठी हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर आहे. पट्टी सेव्ह करायला ३० सेकंद लागत असतील तर बहुधा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) नाही किंवा दुसरं कोणीतरी त्याच नोंदींवर लॉक धरून बसलंय. तिथे आकडा वाढवणं म्हणजे आजार झाकणं. पण अख्ख्या हंगामाची हमाली-तोलाई जोडणाऱ्या रिपोर्टला दोन मिनिटं लागली तर तक्रार नको. तेवढ्या एका कमांडला १२० द्या, सगळ्या प्रोग्रॅमला नव्हे. हा आकडा कमांड ऑब्जेक्टवर बसतो. कनेक्शन ऑब्जेक्टवरचा टाइमआउट कोडमधून नुसता वाचता येतो, बदलायचा तर कनेक्शन स्ट्रिंगमध्येच. दोन्हीकडे शून्य लिहिलं तर अर्थ ‘अमर्याद थांब’ असा होतो, आणि ते कोणीही लिहू नये.

आता खरी गंमत. कधीकधी एरर कनेक्शनचा येतो आणि गुन्हेगार क्वेरी असते. डॉट नेट उघडलेली कनेक्शनं एका साठ्यात, म्हणजे पूलमध्ये, ठेवून पुन्हा पुन्हा वापरतं, आणि मुळात एका पूलला १०० ची मर्यादा असते. संथ क्वेऱ्यांनी ती शंभरही अडवली, किंवा कोणी कनेक्शन उघडून बंद करायचंच विसरलं, की पुढचा माणूस पूलच्या दारात उभा राहतो. त्याच्या थांबण्याला मर्यादा लागते ती कनेक्ट टाइमआउटचीच. म्हणून संदेश पूर्ण वाचा. ‘एक्झिक्युशन टाइमआउट’ असेल तर क्वेरी. पूलमधून कनेक्शन मिळण्याआधीच वेळ संपली असं असेल, तर सर्व्हर बहुधा धडधाकट आहे आणि बंद न केलेली कनेक्शनं किंवा संथ क्वेऱ्या तुमच्या कोडमध्ये शोधायच्या.

अपयशानंतर काय करायचं, इथेही दोघांच्या वाटा वेगळ्या. कनेक्शनच झालं नाही तर काहीच घडलेलं नसतं, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. क्वेरी अर्ध्यात पडली तर जपून. क्लायंट सर्व्हरला ‘थांब’ असा निरोप पाठवतो, पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्सॅक्ट अबॉर्ट (XACT_ABORT) ही सेटिंग चालू नसेल तर उघडलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण व्हायच्या बदलांचा गट) तसंच राहू शकतं, लॉकसकट. रोलबॅक, म्हणजे अर्धवट बदल मागे घेणं, तुम्हीच करा. आणि डोळे मिटून पुन्हा इन्सर्ट (नवी नोंद टाकायची कमांड) मारला तर एका शेतकऱ्याच्या नावावर दोन पट्ट्या निघण्याची शक्यता असते. पट्टी क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा न घेण्याचा नियम) असेल आणि दुसऱ्या प्रयत्नातही तोच क्रमांक जात असेल, तर हा प्रश्न डेटाबेसच अडवतो.

दुसऱ्या भाषेकडे किंवा डेटाबेसवर गेलात तर नावं आणि एककं दोन्ही बदलतात. जावामध्ये कनेक्शन पूल सांभाळणाऱ्या हिकारी लायब्ररीचा ‘कनेक्शन टाइमआउट’ म्हणजे पूलमधून कनेक्शन मिळेपर्यंतची वाट, तीही मिलिसेकंदांत: मूळ आकडा ३००००. जेडीबीसीचा (जावातून डेटाबेसशी बोलायच्या प्रमाणित पद्धतीचा) क्वेरी टाइमआउट मात्र सेकंदांत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरीची मर्यादा, म्हणजे स्टेटमेंट टाइमआउट, मुळात बंदच असतो आणि एकक न लिहिता ३० टाकलं तर ते ३० मिलिसेकंद धरतं. मग निम्मा प्रोग्रॅम पटापट पडू लागतो आणि कोणाला कळत नाही काय झालं. तिथे ‘30s’ (एस म्हणजे सेकंद) असं एककासह लिहा. तेही मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये नको, कारण तिथे लिहिलेलं प्रत्येक सेशनला लागू होतं, रात्रीच्या मेंटेनन्सच्या कामांनासुद्धा. प्रोग्रॅम डेटाबेसच्या ज्या रोलने (खात्याने) लॉगिन करतो त्या रोलवर लावा.