रेडकाच्या डोळ्याखालचा रुपया

सांगोल्याच्या बाजारातून मावसभावानं पंढरपुरी म्हैस आणली, सोबत तिचं रेडकू. रेडकाच्या डोळ्याखाली रुपयाएवढा गोल चट्टा होता. केस गळालेले, वर राखाडी, पिठूळ पापुद्रा. पंधरवड्यात कानामागं दुसरा उठला, मग मानेवर तीन. करंजाचं तेल लावून झालं, गाडीचं जळकं ऑइलही लावून झालं. शेजारच्या आबांचं निदान तयारच होतं : "खरूज हाय ती. इंजेक्शन मार."

डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेचे चार केस चिमट्यानं उपटून कागदात घेतले. म्हणाले, "खरूज असती तर हे दिवसभर गव्हाणीला अंग घासत बसलं असतं. हे गजकर्ण आहे. बुरशी." खरजेचं इंजेक्शन किडा मारतं, अँटिबायोटिक जिवाणू मारतं. बुरशीला दोन्हींचं काहीच वाटत नाही.

बुरशीवरची औषधं मुळात थोडीच आहेत, आणि त्याचं कारण मला फार गमतीचं वाटतं. जिवाणू आपल्यापासून इतका वेगळा की त्याला मारायला जागा पुष्कळ. त्याच्या पेशीला भिंत असते, आपल्या पेशीला नसते. पेनिसिलिन त्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं आणि म्हशीला धक्का लागत नाही. बुरशी मात्र नात्यातली. कडब्यावर उगवते म्हणून आपण तिला झाडपाल्यात धरतो, पण जीवसृष्टीच्या वंशावळीत ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळ बसते. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक, बरीचशी यंत्रणाही तीच. तिला जे विष, ते बहुधा म्हशीलाही विष.

सापडलेला मोठा फरक एका स्निग्ध पदार्थाचा. पेशीच्या पातळ पडद्यात आपल्याकडं कोलेस्टेरॉल असतं, बुरशीकडं एर्गोस्टेरॉल. बहुतेक औषधं याच फटीतून आत शिरतात. 1950 साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी जाहीर केलेलं निस्टॅटिन एर्गोस्टेरॉलला चिकटून पडद्याला भोकं पाडतं. ते बनवणारा जिवाणू अमेरिकेतल्या एका दुधाच्या गोठ्याच्या जमिनीतल्या मातीत मिळाला होता. गोठ्याच्या मातीतून आलेलं हे औषध गोठ्यातल्या गजकर्णावर मात्र चालत नाही! तिथं मायकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही मंडळी लागतात. ती एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. टर्बिनाफिन त्याच साखळीतली आधीची कडी तोडतं.

ग्रिसिओफल्विनची तऱ्हा निराळी. 1939 मध्ये ते एका बुरशीतूनच मिळालं, आणि 1958 मध्ये गजकर्ण झालेल्या गिनीपिगना ते खाऊ घालून गुण येतो हे दिसलं. पोटातून गेलेलं हे औषध नव्यानं तयार होणाऱ्या केसात जाऊन बसतं आणि तिथं बुरशीची वाढ थांबवतं. जुना केस तसाच दूषित राहतो, तो वाढून गळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून या उपचाराला आठवडे लागतात. गाभण जनावराला ते देत नाहीत, गर्भात व्यंग येऊ शकतं.

कुत्र्यामांजरांना पोटातून औषध देणं सोपं. मांजराला इट्राकोनॅझोल एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं, असंही चालतं, कारण ते केसात टिकून राहतं. म्हशीचं तसं नाही. वजनाच्या हिशेबानं गोळ्यांचा खर्च कुठल्या कुठं जातो, शिवाय औषध दुधात उतरण्याची धास्ती. दुधामांसाच्या जनावरांना ग्रिसिओफल्विन द्यायला बऱ्याच देशांत परवानगी नाही. त्यामुळं गोठ्यात वरूनच लावायचं. डॉक्टरांनी हातमोजे घातले, कोमट पाण्यानं खपली भिजवली, ब्रशनं हलकेच सोडवली, मग कडेच्या निरोगी कातडीपर्यंत मलम चोळलं. खपलीवरून लावलेलं औषध खपलीलाच मिळतं. गळालेल्या खपल्या उकिरड्यावर टाकू दिल्या नाहीत, जाळायला लावल्या.

कारण बीजाणू, म्हणजे बुरशीची डोळ्याला न दिसणारी बारीक बीजं. गव्हाणीच्या लाकडात, दाव्यात, खराऱ्यात ते वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. सोलापुरात उन्हाची काय कमी? पण रेडकू बांधलेलं असतं अंधाऱ्या, ओलसर कोपऱ्यात. नुसत्या वाळल्या कडब्यावर अ जीवनसत्त्वाची ओढ पडते, कातडी आणखी नाजूक होते.

धार काढताना म्हशीला टेकणाऱ्या मावसभावाच्या दंडावरही एक कडं उठलं होतं. त्यानं दुकानातून आपल्या मनानं ट्यूब आणली. लाली चार दिवसांत उतरली, कडं मात्र कोपरापर्यंत पसरलं. ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड होतं. ते खाज दाबतं आणि बुरशीशी लढणारी अंगातली फौजही झोपवतं. शेवटी त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडं जावं लागलं.

एक गोष्ट डॉक्टरांनी जाता जाता सांगितली. वासरा-रेडकांचं गजकर्ण काहीही न लावता एक ते चार महिन्यांत बहुधा आपोआप बरं होतं. औषध मुख्यतः ते इतर जनावरांना आणि माणसांना लागू नये म्हणून. रेडकाच्या डोळ्याखाली आता काळी लव धरली आहे. आबा विचारत होते, कशानं गेलं. मावसभाऊ म्हणाला, करंजाच्या तेलानं.