ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणातही अनेक घरांत गरोदर सुनेला बजावलं गेलं: चाकू-सुरीला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर मूल फाटक्या ओठाचं होईल.

ओठ केव्हा जुळतो, हे आधी पाहू. गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात चेहऱ्याचे भाग पुढे येऊन ओठ तयार होतो, टाळू नवव्या आठवड्याच्या आसपास. भाग नीट जुळले नाहीत की फट राहते. सातव्या महिन्यात ग्रहण पाळणाऱ्या बाईच्या बाळाचा ओठ कधीच तयार झालेला असतो. विळी त्याला काय करणार? कारणं वेगळी आहेत: आनुवंशिकता, आईचं धूम्रपान, गरोदरपणाआधीचा मधुमेह, फिट्सवरची काही औषधं. (ही औषधं मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं.)

मग समज टिकला कसा? वर्षात किमान चार ग्रहणं होतात, सगळी इथून दिसत नसली तरी. नऊ महिन्यांत पंचांगात एखादं सापडतंच. मूल धडधाकट जन्मलं तर ग्रहण कुणाला आठवत नाही. व्यंग दिसलं की लगेच आठवतं, आणि दोष आईच्या माथी. ग्रहण म्हणजे सावली, हे आर्यभटानं इ.स. ४९९ मध्येच लिहून ठेवलंय!

खरा त्रास होतो तो वेधापासून उपाशी-तहानलेलं राहण्याचा, विशेषतः मधुमेह असलेल्या गर्भवतीला. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हा नियम मात्र सगळ्यांनाच लागू. आणि फाटलेला ओठ बाळ काही महिन्यांचं झालं की शस्त्रक्रियेनं जोडता येतो.