टपरीच्या चित्रातला लोगो: कॉपीराइट की ट्रेडमार्क?

बालगंधर्व कलादालनात टपरीचं चित्र हमखास भेटतं. कटिंगचे ग्लास, बिस्किटाचा पुडा, मागे कोला कंपनीचा पत्रा. आणि बघणाऱ्यांतला कुणीतरी चित्रकाराला हटकतोच, ‘लोगो काढलाय, कॉपीराइटचं काय?’ पुणेकर शंका काढणार नाही तर कोण! पण ही शंका अर्धीच आहे.

कॉपीराइट निर्मितीवर असतो. १९५७च्या कायद्याप्रमाणे चित्र कागदावर उतरलं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणीची अट नाही, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर तो ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांची लक्ष्मी आज कुणीही मगावर छापावी.

ट्रेडमार्क मालाच्या ओळखीचा. १९९९चा कायदा, नोंदणी १० वर्षांची, नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही. इथे मुख्य सवाल असा: गिऱ्हाईक फसेल का? टपरीचं चित्र कोला कंपनीने काढलंय असं कुणालाच वाटणार नाही. तीच अक्षरं टी-शर्टवर छापून फर्ग्युसन रस्त्यावर विकायला बसलात, तर वाटू शकतं. शिवाय चिन्ह नामांकित असेल, तर फसगत नसतानाही त्याच्या लौकिकाचा गैरफायदा घेतला म्हणून दावा होऊ शकतो.

खरी गोम पुढे आहे. पुड्यावरचं चित्र एकाच वेळी दोन्ही असू शकतं. ‘कंपनीशी संबंध नाही’ अशी तळटीप ट्रेडमार्कच्या वादात थोडीफार कामी येते. कॉपीराइटमध्ये तिचा काडीचा उपयोग नाही, कारण तिथे फसगत बघतच नाहीत, नक्कल बघतात.

इमारतींत तर दोन कायद्यांची तोंडं दोन दिशांना. इमारतीचं चित्र काढायला कॉपीराइट कायदा उघड मुभा देतो. पण मुंबईच्या ताज हॉटेलच्या वास्तूची २०१७ साली ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली. जलरंगात ताज रंगवा खुशाल. तोच किचेनवर छापून विकण्याआधी वकिलाला विचारा.

टिंगलीला मात्र ट्रेडमार्कमध्ये थोडी जागा आहे. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या बचावासाठी टाटांचं चिन्ह वापरून त्यांची टिंगल करणारा एक ऑनलाइन खेळ काढला, टाटा कोर्टात गेले, आणि जानेवारी २०११मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खेळ थांबवणारा अंतरिम मनाईहुकूम नाकारला. अंतरिमच बरं का, म्हणजे खटल्याचा शेवटचा निकाल नव्हे. त्यावर विसंबून अख्खी मालिका रंगवायला घेऊ नका.

एका बाबतीत दोन्ही कायदे सख्खे भाऊ. कंपनीची पुण्यात शाखा नसेल, तर ती आपल्या मुख्यालयाच्या गावी दावा लावू शकते. चित्र सदाशिव पेठेत, तारखा दिल्लीत.