फाशांमागचं संगीत

टेबलावर कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा फासा आणि भोवती चार-पाच माणसं. हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ, रोल-प्लेइंग गेम. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध खेळातले लोक डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. हा सगळा खेळ बोलण्यावर चालतो, त्यामुळे मागे काही लावायचं तर ते बोलण्याच्या आड येऊन चालत नाही. त्याहून मोठी पंचाईत वेळेची. सिनेमाच्या संगीतकाराला तलवार नेमक्या कुठल्या सेकंदाला उपसली जाणार ते ठाऊक असतं. डीएमला मात्र बंद दार उघडायचं की नाही यावर खेळाडू दोन मिनिटं बोलतील की चाळीस, याचा पत्ता नसतो. काय लावावं याची चर्चा पुष्कळ होते. खरी डोकेदुखी ते कधी थांबवावं, ही आहे.

ही पंचाईत खेळापेक्षा जुनी आहे. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसणाऱ्या वादकालाही प्रसंग ओढून-ताणून धरावा लागे. आपल्याकडे तिथे पेटी-तबला असे, अमेरिकेत पियानो किंवा ऑर्गन. 1924 मध्ये एर्नो रापे यांनी अशा वादकांसाठी एक जाडजूड संग्रह काढला. त्यातले तुकडे भावना आणि प्रसंगांनुसार लावलेले होते आणि पानाच्या कडेला विषयांची सूची होती, म्हणजे वाजवता वाजवता हवं ते पान काढता यावं. आजच्या 'लढाई', 'जंगल', 'खानावळ' अशा प्लेलिस्टचे हे आजोबाच. त्याआधी चार वर्षं, 1920 मध्ये, पॅरिसच्या एका कलादालनात एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने 'फर्निचरसारखं संगीत' वाजवून पाहिलं होतं. लोकांनी लक्ष देऊ नये, गप्पा माराव्यात अशी त्याची इच्छा. पण वादन सुरू होताच सगळे गप्प बसून ऐकायला लागले आणि बिचारा साती 'बोला, बोला' म्हणत फिरत राहिला. नवीन डीएमचंही पहिल्या दिवशी हेच होतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये आलं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचं. पहिली छपाई हजार प्रतींची. तेव्हा आवाज यायचे ते डीएमच्या तोंडातून. 1979 च्या डीएमसाठीच्या जाड पुस्तकात तर गूढ आवाजांचा एक तक्ताच आहे: फासे टाकायचे आणि निघेल तो आवाज, म्हणजे मंत्रोच्चार, पावलं, कण्हणं, खेळाडूंना सांगायचा. पुस्तक फक्त 'पावलांचा आवाज येतोय' इतकंच देतं. कुणाची पावलं, ते खेळाडूंच्या मनावर सोडलेलं. मला हा तक्ता अजूनही कुठल्याही ॲपपेक्षा परिणामकारक वाटतो.

खोलीत रेकॉर्ड प्लेअर किंवा टेपरेकॉर्डर असलाच तर घरात असेल ते लागायचं. इंग्रज संगीतकार होल्स्टचं 'मार्स' हे हमखास: पाच मात्रांचा तो दणदणता ठेका युद्धाला फिट्ट बसतो. 1982 मध्ये 'कोनन द बार्बेरियन' या सिनेमासाठी बेसिल पोलेडुरिस यांनी केलेलं संगीत या मंडळींनी डोक्यावर घेतलं. त्या सिनेमात लांबच लांब पट्टे संवादाविना जातात आणि गोष्ट सांगण्याचं काम संगीत करतं. म्हणून ते सिनेमापासून वेगळं काढलं तरी उभं राहतं. फक्त एलपीची बाजू वीसेक मिनिटांत संपते, आणि ड्रॅगन अर्धमेला असताना सुई खरखरायला लागली की उठून रेकॉर्ड उलटायची कुणी?

सीडी आल्यावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या कंपनीनेच हात घातला. या टीएसआरने 1994 मध्ये नवख्यांसाठी 'फर्स्ट क्वेस्ट' हा संच काढला, त्यात ऑडिओ सीडी होती. अमुक खोलीत गेलात की तमुक नंबरचा ट्रॅक लावा, पात्रांचे संवाद ऐका, असा थाट. मिस्टारा आणि रेव्हनलॉफ्ट या मालिकांतही तशा सीड्या निघाल्या. पद्धत चालली नाही, आणि का ते उघड आहे. खेळाडू ठरलेल्या क्रमाने खोल्यांत जातच नाहीत. शिवाय रेकॉर्ड केलेलं पात्र बोलून मोकळं होतं, उलट प्रश्न विचारला तर उत्तर कोण देणार?

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला वेगळंच चाललं होतं. 1991 च्या 'व्हँपायर: द मास्करेड' या अशाच दुसऱ्या खेळाची माणसं आधीपासूनच काळे कपडे घालून गॉथ, म्हणजे उदास, काळोखं रॉक संगीत ऐकणारी. तिथे संगीत पार्श्वभूमीला नव्हतंच, ते त्या जगाचा पोशाखच होतं. नॉर्वेत ब्लॅक मेटल या कर्कश, काळोख्या रॉकच्या कुशीतून मॉर्टिससारख्यांनी कीबोर्डवर लांब, संथ, शब्दांविना तुकडे रचले, त्याला पुढे 'डंजन सिंथ' नाव पडलं. गंमत म्हणजे ते टेबलावरच्या खेळाला छान चालतं.

थांबण्याचा प्रश्न खरा सोडवला संगणकावरच्या खेळांनी. तिथेही खेळाडू कुठे किती वेळ रेंगाळेल ते माहीत नसतं. लुकासआर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा रचली. 1991 च्या 'मंकी आयलंड 2'मध्ये जागा बदलली की सूर न तुटता संगीत वळण घेतं. बाकीच्या खेळांनीही पुन्हा पुन्हा वाजणारे, पण सांधा ऐकू न येणारे फेरे रचले. म्हणूनच टेबलाभोवती सिनेमाच्या संगीतापेक्षा व्हिडिओ गेमचं संगीत जास्त काळ टिकतं. 2003 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचा अधिकृत अल्बम केला तो ओहायोच्या मिडनाइट सिंडिकेटने. हॅलोविनच्या भूतबंगल्यांत वाजणारं संगीत करणारी ही जोडी. भूतबंगल्यातही माणसं आपल्या चालीने फिरतात.

पुढे टेबलटॉप ऑडिओ या वेबसाइटने दहा-दहा मिनिटांचे तुकडे मांडले, आणि ऑस्ट्रेलियातल्या सिरिनस्केप या ॲपने आवाज सुटे करून दिले: पाऊस वेगळा, गर्दी वेगळी, तलवारी वेगळ्या, तुम्ही मिसळा. 2015 पासून 'क्रिटिकल रोल' हा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळून दाखवणारा कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायला लागला, पाठोपाठ कित्येकांनी आपली सेशन ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर आणली, आणि मग संगीताच्या हक्कांचा प्रश्न आला. घरात कोननचं संगीत लावलं तर कोण विचारतो? प्रक्षेपणात लावलं तर 2020 मध्ये व्हिडिओच उडाले. लॉकडाऊनमध्ये सगळे डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमले, तिथे ग्रूव्ही नावाचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, यूट्यूबवरून गाणी वाजवून द्यायचा. ऑगस्ट 2021 मध्ये यूट्यूबच्या नोटिशीनंतर तो बंद झाला, सप्टेंबरात रिदम हा तसाच दुसरा बॉट गेला. कित्येक डीएमची जमवलेली मांडणी पंधरवड्यात मोडली.

आमच्या टेबलावरही गोंधळ झालेच. राजाच्या चितेपाशी सगळे गंभीर, आणि फोनमधून गृहकर्जाची जाहिरात. मग मी तानपुऱ्याचं ॲप लावून पाहिलं. मोडक्या मंदिरासाठी अप्रतिम होतं, पण गाणं शिकलेली मैत्रीण खेळ सोडून मनात आलाप घ्यायला लागली. ओळखीचं काहीही लावलं की माणसं तिकडे जातात. म्हणून हल्ली एक पाऊस आणि एक खर्जातला सूर, बस. लढाई संपली की आवाज हळूहळू उतरवत नाही, झटक्यात बंद करतो. खोलीत फक्त पंखा ऐकू येतो, आणि मेलेल्याच्या खिशात काय आहे हेसुद्धा सगळे कुजबुजत विचारतात.