ठिणगीचं घर वेगळं, दिव्याचं घर वेगळं

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलवरचा, लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा के2एफ मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या जोरावर ठिणगी पाडणारं यंत्र, हातात घेऊन त्याच्या अंगावरची काजळी पुसली, की धातूत ठोकलेली अक्षरं वर येतात. मॉडेलचं नाव आणि शेजारी ‘5 54’ असे आकडे. म्हणजे मे 1954. गाडी त्याच सुमाराची असेल तर हा मॅग्नेटो बहुधा कारखान्यातूनच तिच्यासोबत आलेला असतो. ही खूण नव्या भागावर मिळत नाही. म्हणूनच जाणकार माणूस बाजारात नवा तयार मिळत असतानाही जुनाच उघडून बसतो. पण उघडण्याआधी तो तसा का बनवला गेला, हे माहीत असलेलं बरं.

सुरुवातीच्या मोटरसायकलींवर वीज लागायची ती फक्त ठिणगीपुरती. उजेडासाठी कार्बाइडचा दिवा असे. कार्बाइडवर पाणी थेंबथेंब पडायचं, त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघायचा आणि तो पेटवायचा. ठिणगीसाठी बॅटरी होती, पण ती जड, नाजूक आणि अर्ध्या वाटेत संपणारी. 1897 मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने द दियों या फ्रेंच कंपनीच्या तीनचाकीवर मॅग्नेटो बसवून दाखवला आणि 1902 मध्ये तिथल्याच गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. इंजिन फिरलं की चुंबकाच्या जोरावर ठिणगी आपोआप पडू लागली, बॅटरीची गरज उरली नाही. पुढची कित्येक दशकं मोटरसायकलचं इंजिन बॅटरीवाचून चालत राहिलं, त्याचं मूळ इथे आहे.

विजेचे दिवे नंतर आले, तेही वेगळ्या वाटेने. त्यांच्यासाठी डायनामो आणि बॅटरी अशी स्वतंत्र जोडी बसवली गेली. 1914 मध्ये ‘इंडियन’ या अमेरिकन मोटरसायकल कंपनीने आपल्या ‘हेंडी स्पेशल’ मॉडेलवर थेट इलेक्ट्रिक स्टार्टर दिला, पण त्या काळच्या बॅटरीला तो भार पेलला नाही. पुढे लुकासने मॅग्नेटोच्या पाठीवर डायनामो बसवून ‘मॅगडायनो’ केला. दोन्ही एका अंगात आले, तरी ठिणगी आणि दिवा यांचे संसार आतून वेगळेच राहिले.

या वेगळेपणामुळे दुरुस्तीही दोन तऱ्हांची होते. मॅग्नेटोचा खरा शत्रू आत दडलेला असतो. आर्मेचरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाच्या, वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळीवर) त्या काळी लाखेचा लेप देत. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ही लाख मऊ होते, बाहेर झिरपते आणि आर्मेचर बॉडीला चिकटून बसतं. दुसरा दोष कंडेन्सरचा, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या भागाचा. गार इंजिन पहिल्या किकला सुरू होतं आणि तापल्यावर बंद केलं की पुन्हा धरतच नाही, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सरवर संशय घ्यावा. तो आर्मेचरच्या पोटातच असल्यामुळे सगळं सोडवावं लागतं. आर्मेचर काढताना चुंबकाच्या टोकांना लोखंडी पट्टी लावली नाही, तर चुंबकाचा जोर उतरतो. घाईत हीच चूक होते. आतला कंडेन्सर आधुनिक बसवायला माझी अजिबात हरकत नाही. बाहेरून तो दिसत नाही आणि ठोकलेली तारीख जिथल्या तिथे राहते.

डायनामोकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. आधी त्याचा करंट तिसऱ्या कार्बन ब्रशने आवरला जाई आणि चार्जिंग कमी-जास्त करायला चालकालाच स्विच फिरवावा लागे. 1930च्या दशकात व्होल्टेज रेग्युलेटरचा डबा आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं असतं. सवयीने कोणी निगेटिव्ह जोडतो. डायनामोच्या गाडीत हे एक वेळ निभावतं, कारण फील्डला, म्हणजे त्यात चुंबकत्व निर्माण करणाऱ्या गुंडाळीला, क्षणभर करंट देऊन डायनामोची दिशा बदलून घेता येते. रेक्टिफायर, म्हणजे एसी करंटचा डीसी करणारा भाग, असलेली गाडी मात्र ही चूक सोसत नाही.

रेक्टिफायर आला तो अल्टरनेटरसोबत, म्हणजे एसी वीज बनवणाऱ्या जनित्रासोबत. 1953 मध्ये ट्रायम्फच्या स्पीड ट्विनवर अल्टरनेटर आणि बॅटरीच्या करंटवर ठिणगी पाडणारं कॉइल इग्निशन आलं आणि पन्नासेक वर्षं वेगळी राहिलेली ठिणगी बॅटरीशी बांधली गेली. बॅटरी उतरली तर गाडी सुरू कशी करायची, हा प्रश्न तेव्हा नव्याने उभा राहिला. म्हणून इग्निशन स्विचवर ‘ईएमजी’ (इमर्जन्सी) अशी जादा खूण दिली. तिथे किल्ली फिरवली की अल्टरनेटरचा करंट थेट कॉइलला मिळतो. नवं वायरिंग टाकताना ही वायर ‘कशाला हवी’ म्हणून वगळली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॅग्नेटोची सवय झालेल्या चालकाला दिलेला तो आधार होता.

1960च्या दशकात 6 व्होल्ट जाऊन 12 व्होल्ट आले आणि जादा वीज जिरवायला झेनर डायोड हा छोटा भाग बसू लागला. तो उष्णता टाकतो, म्हणून त्याला वारा लागेल अशा जागी जाड अ‍ॅल्युमिनियमवर बसवलेलं असतं. दिसायला बरं दिसावं म्हणून तो सीटखाली सरकवला की जळतो. त्याच काळातला लुकासचा निळा 2एमसी कपॅसिटर (कंडेन्सरचंच दुसरं नाव) बॅटरीशिवाय गाडी चालावी म्हणून होता. तो न वापरता ठेवला तरी आतून वाळत जातो. तेव्हा जुन्या साठ्यातला ‘कोरा’ कपॅसिटर मिळाला, तर तो जपून ठेवावा आणि निळ्या डब्यात काम करणारा नवा भरावा.